एसी लावला की थरथरणारे दादा

तीस-पस्तीस माणसं एका पांढऱ्या टॅक्सीभोवती कोंडाळं करून उभी होती आणि चावीबाबा त्या टॅक्सीशी बोलत होता.

"दादा," डॅशबोर्डकडे तोंड करून तो म्हणाला, "तुम्ही आत आहात का? असाल तर खूण द्या."

गाडी उभी होती, इंजिन चालू होतं. बाबाने दोन बोटांनी एसीचं बटण दाबलं. क्षणभर काही नाही. मग पुढून कुठून तरी 'टक' असा आवाज आला, बॉनेट थरथरलं, आरसा थरथरला, मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली थरथरली. इंजिनाचा आवाज घसा बसल्यासारखा खाली खाली गेला आणि गाडी बंद पडली.

कोंडाळ्याने रोखलेला श्वास सोडला. माझ्या शेजारी रुग्णांची ने-आण करणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर उभा होता. सहा फुटी माणूस, मनगटं माझ्या पोटरीएवढी. तो हळूच म्हणाला, "आहे रे. दादा आहे आत."

दादा म्हणजे या टॅक्सीचा मालक. अठरा वर्षं याच स्टँडवर त्याने गाडी लावली आणि चार महिन्यांपूर्वी एका पहाटे झोपेतच गेला. त्याच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. वहिनींनी रडणं आटोपतं घेतलं, गाडी शिकल्या, परवाना काढला आणि नवऱ्याच्या जागी टॅक्सी लावली. स्टँडवरच्या पुरुषांनी आधी तोंडं वाकडी केली, मग सवय करून घेतली.

मग ऊन वाढलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, एसी लावा की." वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीतलं ते बटण दाबलं. चौकात सिग्नलला गाडी थांबली, थरथरली आणि बंद. बटण बंद करून किल्ली फिरवली तर मुकाट्याने चालू. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र वहिनींनी गाडी कडेला घेतली आणि त्या बटणाकडे बघत राहिल्या. कारण दादाला एसी आवडायचा नाही. अठरा वर्षांत त्याने बायकोला तो लावू दिला नव्हता. "नको तो गारठा, माझं डोकं दुखतं," असं म्हणून तो काचा खाली करायचा. स्टँडवर प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

म्हणजे दादा गाडीतच आहे. बटण दाबलं की रागावतो. माणसांना एवढं पुरलं.

चावीबाबाला तर निम्मंही पुरलं असतं. हा बाबा पूर्वी जुने पार्ट विकायचा. कुणाच्या गाडीतून काढलेले, हे विचारायचं नाही. तो धंदा बसल्यावर त्याने स्टँडच्या मागे पत्र्याची शेड घातली, मोडीत निघालेल्या बसची सीट आणून तिच्यावर बसू लागला आणि ज्याच्या त्याच्या गाडीची चावी मुठीत धरून डोळे अर्धे मिटून सांगू लागला की गाडीला काय झालंय. गाडीला कधी कार्बन धरायचा नाही, वायर तुटायची नाही. गाडीला नेहमी कुणीतरी धरलेलं असायचं.

त्याचं ज्ञानही ऐकण्यासारखं होतं. "इंजिनाचे स्ट्रोक चार," तो म्हणायचा. "पहिला जन्म, दुसरा संसार, तिसरा भोग, चौथा मोक्ष. ज्याचा चौथा स्ट्रोक अडला, तो गाडीत राहिला." ज्यांनी वीस-वीस वर्षं गाड्या चालवल्या, स्वतःच्या हाताने प्लग बदलले, अशी माणसं यावर माना डोलवायची. मी पाहिलंय. माझं सीटकव्हरचं दुकान स्टँडच्या समोर आहे, आणि सवयीची सुई चालवताना डोळे रिकामेच असतात.

"आता मी त्यांना शांत करतो," बाबा त्या दिवशी म्हणाला. "सगळ्यांनी डोळे मिटा. आत्मा उघड्या डोळ्यांना लाजतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. खरं सांगायचं तर मीही मिटले. विश्वास नव्हता माझा, पण ही सगळी माझी गिऱ्हाइकं, आणि उघड्या डोळ्यांचा एकटाच माणूस चटकन दिसतो. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी पुटपुटणं झालं, बॉनेट आपटलं.

"उघडा."

बाबाने गाडी चालू केली, बटण दाबलं. बटणावरचा हिरवा दिवा लागला. जाळीतून वारा आला. गाडी हलली नाही. आरसा हलला नाही. वहिनींनी तोंडावर पदर धरला.

"पण वारा गार नाहीये," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"दादा म्हणाले, वारा चालेल. गारठा नको," बाबा म्हणाला. "त्यांना थोडा वेळ द्या, वहिनी. जिवंतपणी तुम्ही दिला नाहीत."

हे शेवटचं वाक्य त्याने का घातलं ते मला कळलं. घाव बसलेलं माणूस पुन्हा येतं. वहिनी पुन्हा आल्या. दिवसभर गरम वारा फेकणाऱ्या टॅक्सीत गिऱ्हाईक बसेना, आणि बसलं तर वाटेतच उतरून दुसरी पकडू लागलं. पंधरा दिवसांत बाबाने शेवटचा निकाल दिला. दादा वाऱ्यापर्यंत आलेत, पण सुटलेले नाहीत. गाडी बायकोच्या हातात आहे तोवर त्यांचा जीव तिच्यात अडकणार. गाडी बाबाच्या संस्थेला दिली की सुटतील. संस्था म्हणजे ती पत्र्याची शेड. कागद तयार होते. शुक्रवारी सकाळी सही.

"आणि मग तुम्ही काय करणार?" मी वहिनींना विचारलं.

"करीन काहीतरी. घरकामं करीन," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना असं कोंडून ठेवू मी? रोज संध्याकाळी गाडी लावल्यावर मी आत बसून बोलते ह्यांच्याशी. ऐकतात हो ते. मग मीच कशी त्यांना अडकवू?"

माझ्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. दुसऱ्याच्या खोटेपणापेक्षा आपला भित्रेपणा जास्त टोचतो, आणि टोचलाच पाहिजे.

शुक्रवारी वहिनींनी साक्षीदार म्हणून नणंदेला बोलावलं. नणंद म्हणजे दादाची धाकटी बहीण. तंत्रशाळेत पोरांना इंजिन शिकवते. बसमधून उतरली ती खांद्याला जड पिशवी लटकवूनच. तिने कागद वाचले, दोनदा वाचले, घडी करून वहिनींच्या हातात परत दिले.

"वहिनी, सही कर. पण आधी मला दादाला भेटू दे."

"भेटा ना वन्सं. गाडीतच आहेत."

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. किल्ली फिरवली. नुसत्या उभ्या गाडीचं इंजिन ऐकत राहिली, डॉक्टर पाठीला कान लावतो तसं.

"हा असा अडखळता आवाज कधीपासून?"

"असाच असतो," वहिनी म्हणाल्या.

"असा नसतो." तिने एसीला हातच लावला नाही. स्टिअरिंग धरलं आणि जागच्या जागी एका बाजूला पार टोकापर्यंत फिरवलं. इंजिनाचा आवाज खाली गेला, बॉनेट थरथरलं. तिने स्टिअरिंग सरळ केलं, गाडी सावरली.

"दादा," ती मोठ्याने म्हणाली, "तुला स्टिअरिंगपण नको झालं का? अठरा वर्षं तेच धरून पोट भरलंस की."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला.

"बाई, थट्टा नको," चावीबाबा पुढे आला. "तुमचा भाऊ आहे तो."

"म्हणूनच करते. लहानपणापासून करत आलेय, त्याला सवय आहे." मग तिने एसीचं बटण दाबलं. दिवा लागला, वारा आला, बाकी काही नाही. "हे तुम्ही शांत केलंत ते?"

"मी कोण? मी निमित्त."

इथे मात्र माझं तोंड उघडलं. दोन आठवडे आवळून धरलेलं होतं. "बाई, पहिल्या दिवशी गाडी थरथरायच्या आधी पुढून 'टक' आवाज आला होता. ह्यांनी शांत केल्यावर तो आवाज आला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि अख्ख्या वर्गात एकाच पोराचा हात वर दिसावा तशी मान हलवली. खाली उतरली, बॉनेट उघडलं. बाबा म्हणाला, "सगळ्यांनी डोळे—"

"सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली. "जवळ या. सावली पाडू नका फक्त."

बॉनेटखाली एका कडेला काळा डबा होता. तिने झाकण काढलं. आत फ्यूज होते आणि काडेपेटीपेक्षा लहान असे काळे चौकोनी ठोकळे रांगेत बसवलेले. रांगेत एक जागा रिकामी होती. दात पडल्यासारखी.

"हे रिले," ती म्हणाली. "बटण दाबलं की यातला एक रिले एसीच्या कॉम्प्रेसरला वीज देतो. कॉम्प्रेसर इंजिनाला जोडला जातो, तेव्हा तो 'टक' होतो. रिलेच नाही, तर कॉम्प्रेसर कसा चालणार? दिवा लागेल, पंखा फिरेल, गार काही होणार नाही. आता बघा, हा हॉर्नचा रिले. अगदी तसाच असतो." तिने तो उपटला आणि रिकाम्या जागी बसवला. "वहिनी, हॉर्न वाजव."

वहिनींनी दाबला. हॉर्न मुका.

"आता एसी."

'टक'. गाडी थरथरली, आवाज खाली गेला, बंद. माणसं एक पाऊल मागे सरली.

"बघा," बाबाचा आवाज चढला. "चिडले दादा. मी निजवले होते, ह्यांनी उठवले."

"मी कॉम्प्रेसर जोडला. तुम्ही तोडला होता. दादा दोन्ही वेळेला घरी नव्हता." ती व्हॅनवाल्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही बसा आत. गाडी चालू करा, एसी लावा, आणि ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवा."

व्हॅनवाला आत मावेना, तरी बसला. एसी लागला, 'टक' झालं, गाडी बंद पडली नाही. जाळीतून पहिल्यांदाच गार वारा आला. "आता पाय काढा." पाय काढला, गाडी मेली.

"म्हणजे दादा तुमच्या पायाला भितो?" तिने विचारलं.

व्हॅनवाला ओशाळला. "पण मग होतंय काय, बाई?"

मग तिने सांगितलं. पाठ्यपुस्तकातल्यासारखं सांगितलं नाही, नाहीतर आम्ही परत माना डोलवल्या असत्या.

"गाडी उभी असते तेव्हा इंजिन जेमतेम जगण्यापुरता श्वास घेत असतं. त्यात एसी लावला की त्याच्या पाठीवर पोतं पडतं. स्टिअरिंग पार वळवलं तरी पडतं. पोतं पडलं की जास्त श्वास हवा. त्यासाठी हवेची एक बारीक आडवाट असते, गाडीचा मेंदू ती आपोआप उघडतो. ती वाट काजळीने बुजली असेल, तर मेंदू उघडून उघडून काय उघडणार? इंजिन गुदमरतं. थरथर म्हणजे गुदमरणं आहे. राग नाही."

"आणि चौथा स्ट्रोक?" बाबाने आवाजात कुत्सितपणा आणायचा प्रयत्न केला.

"चौथ्या स्ट्रोकला धूर बाहेर जातो. त्यातलाच थोडा मागे येतो आणि काजळी धरते. मोक्ष बिक्ष काही नाही."

तिने पिशवीतून पेचकस आणि फवाऱ्याचा डबा काढला. रबराचा जाड पाइप सोडवला, त्यामागची झडप उघडून दाखवली. चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखी काळी. आडवाटेचं भोक तर शोधावं लागलं. तिने फवारलं, घासलं, परत फवारलं. काळं पाणी खाली ओघळलं. "वहिनी, फडकं असेल तर दे."

वहिनी गाडीतला पुढचा कप्पा उचकू लागल्या. जुनं पिवळं फडकं निघालं. त्याच्या घडीतून एक कागद खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि वाचत राहिल्या. कुणाचं लक्ष नव्हतं, कारण तोवर पाइप परत बसला होता आणि किल्ली फिरली होती.

आणि गाडी खेकसली. उभ्या उभ्या, कुणाचा पाय नसताना, इंजिन मोठ्याने घोंगावू लागलं.

"आता बोला," चावीबाबाने दोन्ही हात पसरले. "आता तर गर्जना करतायत. लोकहो, लांब व्हा."

लोकहो लांब झाले. खोटं कशाला बोलू, मीही झालो.

नणंदबाईने घड्याळात पाहिलं. "इतकी वर्षं बुजलेल्या वाटेची सवय झालेली आहे मेंदूला. आता वाट मोकळी झाली तरी तो जुन्या अंदाजाने हवा घेतोय. त्याला नव्याने शिकावं लागतं. गाडीचं बरं असतं, दहा मिनिटांत शिकते." तिने इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर काढली, थोड्या वेळाने परत जोडली. गाडी चालू करून ठेवली आणि बाजूच्या कठड्यावर जाऊन बसली.

ती दहा मिनिटं सगळ्यांनी कान गाडीकडे लावले. आवाज आधी घोंगावत होता, मग उतरू लागला, उतरता उतरता एका जागी येऊन थांबला. पूर्वीचं अडखळणं गेलेलं. एकसारखा, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखा.

"वहिनी, तू लाव."

वहिनींनी बटणाकडे हात नेला. त्यांनी दाबलं. 'टक'. आवाज किंचित खाली वाकला आणि लगेच सरळ झाला. आरसा हलला नाही. जाळीतून गार वारा आला आणि वहिनींच्या कपाळावरचे केस उडाले.

टाळ्या वाजतील असं मला वाटलं होतं. पण वहिनींचं तोंड पाहून कुणी वाजवल्या नाहीत.

"म्हणजे हे नाहीत इथे," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"मी रोज बोलत होते."

"बोल की. ह्यापुढेही बोल. मीही बोलते कधीकधी बसमध्ये, मनातल्या मनात. फक्त त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडून घेऊ नकोस."

वहिनींनी हातातला कागद पुढे केला. दोन वर्षांपूर्वीची गॅरेजची पावती होती. मेकॅनिकच्या अक्षरात लिहिलेलं: एसी लावल्यावर उभी गाडी बंद पडते, थ्रॉटलची झडप साफ करणे. त्याखाली दादाचं मोठालं गोल अक्षर आणि सही: 'पुढच्या वेळी.'

"डोकं दुखतं म्हणायचे मला," वहिनी म्हणाल्या.

"आधी दुखत असेलही. पण दोन वर्षं गाडीच बंद पडत होती, आणि टॅक्सीवाल्याची टॅक्सी बंद पडते हे बायकोला सांगायची लाज." बाईने पावतीवरून अंगठा फिरवला. "आमच्या घरात सगळे असलेच. आमचे वडील कवळी हरवली तर म्हणायचे भूक नाही."

वहिनी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. चार महिन्यांत मी त्यांना दोन्ही एकदम करताना पाहिलं नव्हतं. गाडीतून दादाचा निरोप आला होता तो एवढाच, आणि तो वाचायला कुणी बाबा लागला नव्हता.

बाईने बाबापुढे हात धरला. "हॉर्न मुका आहे. आमचा रिले द्या."

"कसला रिले?"

"बरं." ती वळली. "ह्यांनी ज्यांच्या ज्यांच्या गाड्या शांत केल्यात, त्यांनी आपापलं बॉनेट उघडून बघा."

चार गाड्यांची बॉनेटं वर झाली. व्हॅनवाला सगळ्यात उशिरा परत आला, आणि चालत आला.

"माझीपण जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात माझ्या व्हॅनमध्ये एक आजोबा उकाड्याने बेशुद्ध पडले. मुलगी विचारत होती एसी का नाही. मी तिला म्हटलं, ताई, आत्म्याची इच्छा." तो बाबाच्या अगदी समोर थांबला आणि तळहात उघडून पुढे केला.

चावीबाबाने खिशात हात घातला. तळहातावर एकेक करून पाच काळे ठोकळे आले. पाच आत्मे, प्रत्येकाला धातूचे चार पाय.

संस्थेचा कागद अजून वहिनींकडेच होता. बाईने काजळीने भरलेले हात पुढे केले तेव्हा पिवळं फडकं चिंब काळं झालेलं होतं. वहिनींनी कागदाची घडी मोडली आणि तो दिला. बाईने त्याला बोटन् बोट पुसलं.

इथे गोष्ट संपली तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर आजही स्टँडवर दोघंतिघं म्हणतात, "रिलेचं सोडा, पण त्याच्याकडे काहीतरी होतं हं." होतं ना. पाच रिले होते. तो आता दुसऱ्या कुठल्या तरी स्टँडवर बसत असेल, आणि तिथेही गाड्यांना काजळी धरतच असेल.

म्हणून लिहितोय. तुमचं माणूस गेलं तर रडा, त्याच्या सीटवर बसून बोला, कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पण गाडी थरथरली तर बॉनेट उघडा. तुम्हाला कळत नसेल तर कळतं त्याला विचारा, आणि तो काय करतोय ते शेजारी उभे राहून बघा. ज्याचं काम खरं आहे तो तुम्हाला जवळ बोलावतो, सावली पाडू नका म्हणतो. जो डोळे मिटा म्हणतो, त्याचे हात बघा. मी त्या दिवशी बघितले नाहीत. पंधरा दिवस एक बाई नवऱ्याला कोंडल्याचा गुन्हा अंगावर घेऊन उन्हात फिरली, आणि व्हॅनमध्ये एक म्हातारा माणूस आडवा झाला.

वहिनींनी ती पावती डॅशबोर्डवर चिकटवली आहे. परवा त्यांच्या गाडीत बसलो होतो. सिग्नल लागला, गाडी थांबली, एसी चालू होता. मी सवयीने आरशाकडे पाहिलं.

"नाही हलत," वहिनी म्हणाल्या, आणि हिरवा दिवा लागल्यावर पुढच्या गाडीला हॉर्न दिला.